माझं झिंक, नाळेतलं झिंक आणि दुधातलं झिंक – ग्वाल्हेरचा अनुभव

दोन-अडीच महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला तोंडाभोवती आणि लंगोटाच्या जागी एकाच वेळी लाल, सोलवटलेले चट्टे येत असतील, बोटांच्या टोकांची कातडी निघत असेल, बाळ सारखं किरकिरत असेल आणि फंगसचं क्रीम लावून काही फरक पडत नसेल तर डॉक्टरांना एकदा तरी विचारा की बाळाचं झिंक बघायचं का. एवढं एक वाक्य मला त्या वेळी कोणी सांगितलं असतं तर माझ्या लेकीचे कितीतरी दिवस त्रासाविना गेले असते, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितेय. लांब होणार आहे, पण मधलं काही गाळलं तर शेवट कळत नाही.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, महाराज बाड्यापासून चालत जाण्याइतकं घर. सासूबाई, सासरे, मी आणि नवरा. माझं माहेर पण ग्वाल्हेरचंच, मुरारला. सहावा महिना चालू होता तेव्हा हिमोग्लोबिन 9.4 आलं होतं, आमच्या डॉक्टर मॅडमनी आयर्न वाढवलं, आणि त्याच वेळी एका प्रायव्हेट लॅबचं ‘प्रेग्नन्सी पॅकेज’ स्वस्तात मिळत होतं ते नवऱ्यानी बुक केलं, घरी येऊन रक्त घेऊन गेले. त्या पॅकेजमध्ये व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व आणि त्यातच सीरम झिंक. रिपोर्ट मोबाईलवर आला तर झिंकच्या समोर 58, बाजूला लाल अक्षरात लो, आणि नॉर्मल रेंज 70 ते 120 मायक्रोग्रॅम, 100 मिलिलिटर रक्तामागे (पुढचे रक्ताचे सगळे आकडे याच मापात). रात्रभर मी मोबाईलवर वाचत बसले आणि जे जे वाचलं त्यानी घाबरत गेले, कुठे लिहिलंय बाळ वेळेआधी होतं, कुठे लिहिलंय वजन कमी भरतं, कुठे मणक्याचा दोष.

मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, सॅम्पल किती वाजता दिलं होतं? दुपारी, जेवून झाल्यावर. मग त्यांनी जे समजावलं ते मला आजही पाठ आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं पण त्यात पाण्याचा भाग जास्त वाढतो, वरणात पाणी घातलं की डाळ तेवढीच राहते पण वरण पातळ होतं तसं, शिवाय झिंक रक्तात ज्या अल्ब्युमिनला चिकटून फिरतं ते अल्ब्युमिन पण उतरतं, आणि बाळ स्वतःकडे ओढून घेत असतंच. त्यामुळे आकडा खाली येणं अपेक्षितच आहे. लॅबनी छापलेली रेंज गरोदर नसलेल्या माणसांची होती. गरोदर बाईसाठी झिंकचं काम करणारे तज्ज्ञ पहिल्या तीन महिन्यांत 56 आणि त्यानंतर 50 च्या खाली गेलं तरच कमी धरतात. माझं 58 म्हणजे ठीक. त्यात जेवणानंतर झिंक उतरतं, दुपारी सकाळपेक्षा कमी येतं, आणि अंगात सर्दी-ताप, कुठलं इन्फेक्शन असेल तरी कमी दिसतं, हे सगळं त्या एका लाल ‘लो’च्या मागे होतं आणि रिपोर्टवर त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. मला याचा राग आला होता, आजही येतो, कारण गरोदर बाईच्या नावानी विकलेल्या पॅकेजमध्ये गरोदर बाईची रेंज छापायला काय हरकत आहे?

मी विचारलं मग झिंकची गोळी वेगळी घेऊ का. मॅडम नाही म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनी 2016 च्या गाइडलाइनमध्ये गरोदर बायकांना सरसकट झिंक देऊ नका, ते संशोधनापुरतं ठेवा असं म्हटलंय. आधी वाटत होतं की झिंकनी वेळेआधीची डिलिव्हरी थोडी कमी होते, पण जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2021 चा आढावा आला त्यात 25 चाचण्या आणि 18 हजारांवर बायका धरल्या तर फारसा फरक दिसत नाही असंच निघालं. जे काय करायचं ते जेवणातून कर, म्हणाल्या.

आता जेवणातून म्हणजे काय, हे आमच्या घरात मोठं प्रकरण झालं. आयसीएमआरनी (भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनी) गरोदर बाईला रोजचं 14.5 मिलिग्रॅम झिंक सांगितलंय, आणि पोळी-भाजी-वरण-भात खाणाऱ्या घरात आकडा जुळवणं सोपं नाही, कारण ताटात झिंक असणं वेगळं आणि ते अंगाला लागणं वेगळं. गहू, डाळी, तीळ यात झिंक असतं पण त्यातच फायटेट नावाचं द्रव्य असतं, ते आतड्यात झिंकला धरून ठेवतं आणि तसंच बाहेर घेऊन जातं. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की फायटेट कमी होतं. म्हणजे आपल्या आज्या मटकीला मोड आणायच्या, आंबोळीचं पीठ रात्रभर ठेवायच्या ते किती कामाचं होतं बघा. सासूबाईंनी मनावर घेतलं. डाळ भिजवूनच शिजायला लागली, आठवड्यातून दोनदा तरी उसळ, इडली-आंबोळी, सकाळी दही. रविवारी आमच्याकडे मटण असतंच, त्यातलं झिंक सगळ्यात चांगलं लागतं कारण त्यात फायटेट नाही. आयर्नची गोळी मी जेवणाबरोबर घेत होते ती मॅडमनी जेवणापासून लांब, रात्री झोपताना घ्यायला सांगितली, कारण जास्त डोसचं आयर्न आणि झिंक आतड्यात एकमेकांच्या आड येऊ शकतात, आणि कॅल्शियम दुपारी, आयर्नपासून वेगळं.

माती खायची इच्छा होते का, हे पण त्यांनी विचारलं होतं. मला नव्हती होत पण आमच्या शेजारी एक ताई होत्या त्या मुलतानी माती लपूनछपून खायच्या. माती पण झिंक धरून ठेवते. माणसात झिंकची कमी असू शकते हे जगाला पहिल्यांदा कळलं तेच अशा माती खाणाऱ्या मुलांवरून. इराणमध्ये, शिराझला, 1960 च्या आसपास डॉक्टर आनंद प्रसाद काम करत होते, जन्म आपल्याच बिहारमधल्या बक्सरचा, त्यांच्यासमोर 21 वर्षांचा मुलगा आला तो दिसायला दहा वर्षांचा, पोट भरायला नुसती बिनखमिराची रोटी आणि वर माती खायचा. त्यातून पुढे सगळा शोध लागला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, का ते सांगता येत नाही, पण आपल्याकडच्या एका डॉक्टरनी एका उपाशी मुलाकडे नीट बघितलं म्हणून आज लाखो मुलांना जुलाबात ओआरएसबरोबर झिंक मिळतं हे मला महत्त्वाचं वाटतं.

घरात झिंकचं नाव निघालं तेव्हा सगळ्यात आधी ओळखलं ते सासऱ्यांनी. आमची थोडी शेती आहे डबऱ्याकडे, धान लावतात तिथे. बाबा म्हणाले, “अगं, झिंक तर आपण शेतात टाकतो, नाहीतर धानाला खैरा लागतो, पानं तांबडी पडतात.” खैरा म्हणजे रोगबिग काही नसून झिंकची कमी आहे हे पंतनगरच्या शेतकी विद्यापीठात नेने म्हणून आपले मराठी शास्त्रज्ञ होते त्यांनी 1966 मध्ये दाखवून दिलं. जमिनीत झिंक कमी असलं की धान्यातही कमी उतरतं. बाबांना ही गोष्ट डॉक्टरांपेक्षा आधी माहीत होती आणि पुढे जे झालं त्यात त्यांचाच आधार मला सगळ्यात जास्त वाटला.

डिलिव्हरी डिसेंबरच्या शेवटी झाली, ग्वाल्हेरची ती थंडी, बाहेर धुकं, बाड्यावर गजकचे ढीग लागलेले. वेळेच्या थोडं आधी कळा सुरू झाल्या, पण मॅडम म्हणाल्या सदतीस आठवडे होत आलेत, काळजी नको. ज्या हॉस्पिटलात होते तिथे एक रेसिडेंट मुलगी आली आणि म्हणाली, आम्ही आईच्या आणि नाळेच्या रक्तातलं झिंक मोजतोय, तुम्ही देणार का? हिंदीत फॉर्म होता, नवऱ्यानी वाचून दाखवला. माझ्या हातातून थोडं रक्त, आणि बाळ झाल्यावर नाळ कापली की नाळेच्या वारेकडच्या (प्लासेंटाकडच्या) बाजूनी थोडं. ते रक्त नाहीतर फेकूनच दिलं जातं, बाळाला सुई लागत नाही. मी सही केली. गडद निळ्या झाकणाची ट्यूब होती, मी कळांच्या मधे विचारलं ही वेगळी का, तर म्हणाली साध्या ट्यूबच्या रबरी बुचात झिंक असतं, ते रक्तात उतरलं तर आकडा खोटाच जास्त येतो. आणि रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी तेच होतं, कारण पेशींच्या आत झिंक बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. त्या मुलीनी इतक्या शांतपणे सांगितलं, मला अजून तिचा चेहरा आठवतो.

मुलगी झाली, 2 किलो 600 ग्रॅम, नॉर्मल डिलिव्हरी.

रिपोर्ट नंतर कळला. माझं 54, नाळेतलं 82. मला वाटलं होतं आईचं कमी तर बाळाचं त्याहून कमी, पण उलटं असतं. वार झिंक नुसतं पाझरू देत नाही, ती ते ओढून बाळाकडे पाठवते, म्हणून नाळेतला आकडा बहुतेक वेळा आईपेक्षा वरच असतो. बाळाच्या अंगातलं अर्ध्याहून जास्त झिंक शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, म्हणूनच खूप लवकर झालेल्या बाळांना कमी पडतं. थोडा साठा लिव्हरमध्ये राहतो, तो पहिले काही आठवडे पुरतो आणि बाकी दुधातून. चीक म्हणजे पहिलं पिवळं दूध, त्यात झिंक सगळ्यात जास्त. दोन आठवड्यांनी साधारण लिटरमागे 4 मिलिग्रॅम, महिन्यानी 3, दोन महिन्यांनी 2, सहाव्या महिन्यापर्यंत सव्वाच्या आसपास. कमी होत जातं पण बाळाला पुरतं, कारण आईच्या दुधातलं झिंक फार चांगलं लागतं.

माझ्या मनात तेव्हा आलं की चला, झिंकचा विषय संपला. नाळेचा आकडा चांगला, बाळ रडलं, प्यायला लागलं. सासूबाईंनी डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, माहेरून तीळ-खोबऱ्याचे लाडू, बाळंतपण अगदी रीतसर चाललेलं. दूधही भरपूर होतं.

साधारण सातव्या आठवड्यात लंगोटाच्या जागी लाल व्हायला लागलं. थंडीत दिवसभर डायपर, वर स्वेटर, पायमोजे, सगळ्यांना वाटलं डायपरचं रॅश. डायपर बंद केलं, सुती लंगोट सुरू केले, खोबरेल लावलं. वाढतच गेलं. जवळच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं, फंगस म्हणून क्रीम दिलं. मग हनुवटीवर आणि तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना चट्टे आले, खपली धरल्यासारखे, कडा स्पष्ट. वरचा ओठ मात्र साफ होता. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं लाळेमुळे झालंय, एक्झिमा आहे, स्टिरॉइडचं क्रीम थोडे दिवस लावा. लावलं की दोन दिवस फिकट आणि परत तसंच. मग हातापायाच्या बोटांना, नखांभोवती कातडी निघायला लागली. शी पातळ. आणि किरकिर. रात्री मांडीवरून खाली ठेवलं की रडायची, घेतलं तरी रडायची, प्यायची आणि मधेच सोडून रडायची. वजन वाढायचं थांबलं होतं. डोक्यावरचे केस मागच्या बाजूनी विरळ झाले होते.

आणि घरात येणारं प्रत्येक माणूस एकच म्हणायचं, “दूध बाधलंय बाळाला.” माझ्या आत्यासासूबाई म्हणाल्या, “सूनबाई, वरचं दूध सुरू कर, तुझ्या दुधात दोष आहे.” मी त्या दिवशी खूप रडले. लेकराला पाजायला घ्यायची तेव्हा मनात यायचं मी हिला काय पाजतेय.

शेवटी मॅडमनीच एका मुलांच्या स्किनच्या डॉक्टरांचं नाव दिलं. ते सर वयानी मोठे, त्यांनी बाळाला पूर्ण उघडं केलं, हीटर जवळ घेतला, आणि आधी तोंड, मग खालची जागा, मग हाताची बोटं, मग पायाची, मग टाळू असं सगळं एका ओळीत बघितलं. त्याआधी प्रत्येकानी एकेक जागा बघितली होती. मला विचारलं फक्त अंगावर पिते? वेळेवर झाली की आधी? घरात आणखी कोणाला असं? आणि म्हणाले, “ये झिंक की कमी लग रही है।” मी म्हणलं सर, असं कसं, नाळेचा रिपोर्ट चांगला आहे, माझ्याकडे फाईल आहे. त्यांनी फाईल नीट वाचली. मग म्हणाले हाच रिपोर्ट आपल्याला मदत करतोय. पोटात असताना बाळाला झिंक नीट मिळालं, वारेनी तिचं काम केलं. जन्मानंतर साठा वापरला गेला आणि पुढचं दुधातून यायला हवं होतं ते येत नाहीये.

त्यांनी दोन शक्यता सांगितल्या. एक आजार असा की बाळाच्याच आतड्याला झिंक शोषता येत नाही, नाव मोठं आहे, अ‍ॅक्रोडर्मटायटिस एंटेरोपॅथिका, त्यात आयुष्यभर झिंक घ्यावं लागतं. तो आजार बहुतेक आईचं दूध सुटल्यावर बाहेर येतो कारण दुधातलं झिंक चांगलं लागत असल्यामुळे तोवर निभावतं. दुसरी शक्यता, बाळ एकदम ठीक आहे पण आईच्या स्तनातल्या पेशी रक्तातलं झिंक दुधात पोचवू शकत नाहीत. तिथे एक प्रोटीन असतं, झेडएनटी टू, त्याच्या जीनमध्ये बदल असला की दुधात झिंक फार कमी येतं, आईचं रक्त मात्र नॉर्मल. आईनी कितीही झिंक खाल्लं तरी दुधात वाढत नाही, कारण माल आहे पण दार उघडत नाही. माझे सगळे लाडू, उसळी, मटण माझ्या अंगाला लागत होतं, तिच्यापर्यंत जात नव्हतं.

बाळाचं रक्त त्याच दिवशी घेतलं. इथे एक गोष्ट सांगते जी कोणी सांगत नाही. डायपर रॅशच्या बहुतेक क्रीममध्ये झिंक ऑक्साइड असतं, कॅलामाइनमध्ये पण. सरांनी आधी बाळाचा हात आणि माझेही हात साबणानी धुवायला लावले, मगच सुई. नवऱ्यानी तिथेच विचारलं, सर क्रीममध्ये झिंक आहे आणि आम्ही एवढं लावतोय तर कमी कशी? तर कातडीवर लावलेलं तेवढ्यापुरतं आडोसा करतं, त्यानी अंगातली तूट भरून निघत नाही. पुन्हा ती निळ्या झाकणाची ट्यूब, आणि हात न दाबता, आपोआप येईल तेवढंच रक्त. बरोबर अल्कलाइन फॉस्फेटेज पण करायला दिलं, ते एन्झाइम झिंकवर चालतं, झिंक कमी असलं की ते पण उतरतं. गरोदरपणात आईच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही कारण वार स्वतः ते बनवते, पण बाळात उपयोगी.

रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं. झिंकचं सिरप, वजनाच्या हिशोबानी किलोमागे रोजचं 3 मिलिग्रॅम एलिमेंटल झिंक, दोन वेळात वाटून. एलिमेंटल हा शब्द नीट बघायचा, कारण बाटलीवर कधी झिंक सल्फेटसारख्या क्षाराचा आकडा असतो कधी नुसत्या झिंकचा (तोच एलिमेंटल), दोन्ही वेगळे. आणि कृपया हे वाचून कोणी स्वतःच डोस काढून देऊ नका, जास्त झिंक दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, त्यासाठी आमचं मधेमधे कॉपर पण तपासलं. सिरप दिल्यावर ओकते की नाही ते बघायचं, दूध पाजल्यावर द्यायचं, आयर्नचे थेंब सुरू झाले तर वेगळ्या वेळी.

सरांना निघताना मी विचारलं, दूध बंद करू का? ते एवढंच म्हणाले, “दूध मत छुड़ाना।” दुधात बाकी सगळं आहे, एक झिंक कमी आहे, ते आपण चमच्यानी देतोय. घरी आल्यावर सासूबाईंनी आत्यांना फोन करून हेच सांगितलं, माझ्यासमोर, शब्द न बदलता. ते माझ्यासाठी औषधाइतकंच होतं.

आता जे बघितलं ते सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किरकिर कमी झाली. कातडी अजून तशीच होती, पण ती झोपली. मांडीवरून खाली ठेवली तरी झोपून राहिली. मग शी घट्ट झाली. आठवडाभरात तोंडाभोवतीच्या खपल्या गळल्या, खाली नवी गुलाबी कातडी, आणि पंधरा दिवसांत लंगोटाची जागा जवळजवळ साफ, एकही क्रीम न लावता. महिन्याभरात वजन चढायला लागलं. इतक्या लवकर फरक पडणं हीसुद्धा तपासणीच असते, सर म्हणाले. रिपोर्ट तोवर आला होता, तिचं झिंक 26, अल्कलाइन फॉस्फेटेज खूप खाली. माझं रक्तातलं झिंक पुन्हा केलं, 84, अगदी नॉर्मल.

दूध तपासणं सोपं नव्हतं. साध्या लॅबमध्ये होत नाही. मी त्या नाळेच्या अभ्यासवाल्या रेसिडेंटला फोन केला, तिच्या प्रोफेसरांकडे झिंकसारखे धातू मोजायचं अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं मशीन होतं, त्यांनी अ‍ॅसिडनी धुतलेली प्लास्टिकची बाटली पाठवली, स्तन नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानी पुसून, कुठलं क्रीम नाही, हातानीच काढायचं. त्या वयाला लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास हवं होतं, माझ्या दुधात 0.4 निघालं. कागद हातात आला तेव्हा वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण सुटल्यासारखं झालं. दोषबीष काही नव्हता, एक आकडा होता आणि त्यावर उपाय चालू होता.

माझ्या आईला मी हे सगळं सांगत होते तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, “अगं, तुला पण असंच झालं होतं.” दोन-तीन महिन्यांची असताना तोंडाला आणि खाली फोड, कोणाच्या सांगण्यावरून तिनी अंगावरचं तोडलं, वरचं दूध दिलं आणि मी महिन्याभरात बरी झाले, घरात तेव्हापासून बोललं जायचं की हिला आईचं दूध बाधलं. आईनी ते इतकी वर्षं मनात धरलं होतं. वरच्या दुधात झिंक होतं म्हणून मी बरी झाले असणार. इतक्या लहान बाळाला गाईचं दूध द्यायला आज कोणी सांगणार नाही, पण तिला त्या वेळी कोणी दुसरा रस्ताच दाखवला नव्हता. मी तिला दोन-तीनदा सांगितलं की आई, तू काही चुकीचं केलं नव्हतंस. ती रडली.

जीनची तपासणी करायची का असं सरांनी विचारलं होतं. खर्च बराच होता आणि त्यानी उपचार बदलणार नव्हता. ते म्हणाले वरचं खाणं नीट सुरू झालं की झिंक हळूहळू बंद करून बघू, बंद केल्यावर परत आलं नाही तर प्रश्न दुधाचाच होता, आलं तर बाळाच्या आतड्याचा, मग तपासणी करूच. सहा महिने झाल्यावर नाचणी, मूग-तांदळाची भिजवून केलेली खिचडी, अंड्याचा बलक, दही, पुढे मटणाचं सूप आणि त्यातलं बारीक कुस्करलेलं मटण असं सगळं सुरू केलं. नऊ महिन्यांची असताना डोस अर्धा केला, मग बंद. रोज अंघोळीच्या वेळी तोंड आणि बोटं बघायची मला सवयच लागली होती. काही आलं नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांनी रक्त तपासलं, 79. अंगावर ती पुढेही पीत राहिली, सव्वा वर्षापर्यंत.

पुढच्या बाळाचं काय, हे मला सगळे विचारतात. सरांनी सांगितलं ते असं की हा प्रश्न बाळाच्या जीनचा नाही, माझ्या दुधाचा आहे, त्यामुळे माझं प्रत्येक अंगावर पिणारं बाळ या रस्त्यानी जाऊ शकतं, मुलगा असो की मुलगी. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यापासूनच मुलांच्या डॉक्टरांना सांगून ठेवायचं, गरज दिसली की झिंक सुरू, रॅश यायची वाट बघायची नाही. माझी धाकटी बहीण बडोद्याला असते, तिला सातवा चालू आहे. आईकडून आलं असेल तर तिच्यातही असण्याची शक्यता अर्धी. तिनी तिच्या डॉक्टरांना माझे सगळे रिपोर्ट दाखवले, त्यांनी गरोदरपणात काही वेगळं करायची गरज नाही म्हणून सांगितलं, बाळ झाल्यावर महिन्यानी आणि दोन महिन्यांनी कातडी आणि वजन नीट बघायचं ठरलंय. आणि माझ्या लेकीतही ते उतरलं असण्याची शक्यता तेवढीच, निम्मी. तिच्या लसीकरणाच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी हिंदीत आणि मराठीत दोन्हीकडे लिहून ठेवलंय, आईच्या दुधात झिंक 0.4, बाळाला झिंक देऊन पूर्ण बरं, दूध बंद केलं नाही.